लिनक्सवर एस्पान्सो बसवताना मराठी लिहिणाऱ्यांना पडणारे प्रश्न

सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलं तेव्हापासून ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ हे शब्द मी इतक्या वेळा टाइप केले की शेवटी बोटांनीच संप पुकारला. तेव्हा एस्पान्सो हा टेक्स्ट एक्स्पांडर शोधला. दोन-चार अक्षरांची खूण टाइप करायची, की ती पुसली जाते आणि तिच्या जागी आधी लिहून ठेवलेला पूर्ण मजकूर येतो. एवढंच त्याचं काम. पुढे ओळखीपाळखीच्या लोकांना हे बसवून देऊ लागलो आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं लिहिलंय, बाकी सगळं लहान अक्षरांत.

एस्पान्सोच का? ऑटोकी तर कितीतरी जुनं आहे.

ऑटोकी हाही लिनक्सवरचा एक्स्पांडरच, आणि तो वाईट नाही. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून त्यात वाटेल ते करता येतं, आणि ज्यांची घडी बसलेली आहे त्यांनी ती मोडू नये. पण ते मुळात एक्स११साठी लिहिलेलं आहे आणि नव्या डेस्कटॉपवर एक्स११ मागे पडत चाललंय. एस्पान्सो रस्टमध्ये लिहिलेलं, मुक्त स्रोत आहे. लिनक्सवर ते एक्स११ आणि वेलँड दोन्हींवर चालतं, विंडोज आणि मॅकवरही चालतं. सगळ्या खुणा साध्या मजकुराच्या फायलींत राहतात, त्यामुळे उद्या एस्पान्सो सोडलं तरी लिहिलेलं वाया जात नाही. माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा मुद्दा.

एक्स११ आणि वेलँड म्हणजे काय, आणि मला त्याचं काय करायचंय?

पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या आणि त्यांच्यापर्यंत कळा पोचवणाऱ्या या दोन यंत्रणा, एक्स११ जुनी आणि वेलँड नवी. एरवी त्यांचं काही करायचं नाही. पण हे बसवताना मात्र हाच पहिला प्रश्न आहे, कारण दोन्हींसाठी पॅकेजं वेगवेगळी आहेत आणि चुकीचं उतरवलं की तासभर डोकं धरून बसावं लागतं.

एक्स११मध्ये चालू असलेला कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा पाहू शकतो. एक्स्पांडरला नेमकं तेच हवं असतं. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र ते घराचं दार सताड उघडं ठेवण्यासारखं आहे. वेलँड रचलं तेव्हा हे दार बंद केलं गेलं: प्रत्येक प्रोग्रॅमला फक्त त्याच्या स्वतःच्या खिडकीतल्या कळा कळतात. म्हणून वेलँडवर एस्पान्सो थेट कर्नेलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, कळा वाचतं आणि त्यासाठी त्याला खास परवानगी द्यावी लागते.

तुमच्याकडे काय आहे ते ग्नोम या डेस्कटॉपवर सेटिंग्जच्या ‘अबाउट’ पानावर, ‘विंडोइंग सिस्टिम’ या ओळीत दिसतं. टर्मिनलमधून बघायचं तर ‘इको’, मोकळी जागा, डॉलरचं चिन्ह, आणि त्याला चिकटून मोठ्या अक्षरांत ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’. फेडोराने २०१६मध्ये आवृत्ती २५पासून वेलँड मूळ पर्याय केला, उबंटूने २१.०४पासून. उबंटू २५.१०मध्ये तर ग्नोमचं एक्स११ सत्र उरलेलंच नाही. लिनक्स मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप मात्र अजून एक्स११वरच सुरू होतो, आणि पहिल्यांदाच हे करून बघणाऱ्याला म्हणूनच मी मिंट सुचवतो.

ठीक. आता बसवायचं कसं?

डेबियन, उबंटू आणि मिंटसाठी एस्पान्सोच्या गिटहबवरच्या रिलीज पानावर दोन डेब फायली, म्हणजे बसवायची पॅकेजं, मिळतात. एकीच्या नावात एक्स११ असतं, दुसरीच्या नावात वेलँड. आपली ती उतरवा, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जा आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’च्या पुढे टिंब, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव द्या. ते टिंब आणि रेघ विसरू नका. ती नसली तर एपीटी हातातली फाइल सोडून इंटरनेटवरच्या भांडारात त्या नावाचं पॅकेज शोधत बसतं.

मग ‘एस्पान्सो सर्व्हिस रजिस्टर’, आणि त्यानंतर ‘एस्पान्सो स्टार्ट’. पहिल्या आज्ञेने लॉगिनबरोबर ते आपोआप सुरू व्हायची सोय होते. या दोन्ही आज्ञांच्या आधी सुडो लावू नका. ही सेवा तुमच्या स्वतःच्या खात्यात चालते, रूटच्या (मशीनच्या प्रशासकाच्या) नाही.

चाचणी म्हणून कुठल्याही एडिटरमध्ये कोलन आणि लगेच एस्पान्सो असं इंग्रजीत टाइप करा. त्याच्या जागी ‘हाय देअर!’ आलं की गंगेत घोडं न्हालं.

माझं वेलँड आहे. ‘स्टार्ट’ म्हटलं की परवानगीची तक्रार येते.

वर म्हटलेली खास परवानगी ती हीच. ‘सुडो सेटकॅप’ या आज्ञेने एस्पान्सोच्या प्रोग्रॅम फाइलला ‘कॅप_डॅक_ओव्हरराइड’ ही क्षमता, अधिक-पी जोडून, द्यायची. प्रोग्रॅम कुठे आहे ते ‘व्हिच एस्पान्सो’ सांगतं. हे ‘सर्व्हिस रजिस्टर’च्या आधी करा.

इथे दोन खाचखळगे आहेत. ही क्षमता त्या फाइलला चिकटलेली असते, त्यामुळे एस्पान्सो अद्ययावत झालं, म्हणजे जुनी फाइल जाऊन नवी आली, की परवानगीही गेली. ‘काल चालत होतं, आज बंद’ असा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: काल अपडेट केलं का? दुसरं म्हणजे, कुणी ‘इनपुट’ गटात स्वतःचं खातं टाका असा सोपा उपाय सांगेल. टाकू नका. मग तुमच्या खात्यात चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम कळा वाचू शकतो, आणि वेलँडने बंद केलेलं दार आपणच मागून उघडून दिल्यासारखं होतं.

‘डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड’ हे छोटं पॅकेजही बसवून घ्या. वेलँडवर मजकूर चिकटवण्याचं काम त्याच्यामार्फत होतं.

स्वतःची पहिली खूण कशी लिहायची?

‘एस्पान्सो एडिट’ म्हटलं की ‘बेस डॉट वायएमएल’ ही फाइल उघडते. होम फोल्डरात लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये एस्पान्सो आणि त्याच्या पोटात ‘मॅच’, तिथे ती असते. आत हे असं लिहायचं (डावीकडचे शब्द आणि खूण इंग्रजीत):

मॅचेस:
  - ट्रिगर: ":एसजीएस"
    रिप्लेस: "सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित"

मॅचेस हा शब्द फाइलमध्ये एकदाच असतो, पुढच्या खुणा त्याच्याखाली रांगेने येतात. मजकूर अनेक ओळींचा असेल तर रिप्लेसपुढे उभी रेघ टाकून पुढच्या ओळींपासून, थोडं आत सरकून, हवं तेवढं लिहा. मजकुरात मध्येच कुठेतरी कर्सर थांबायला हवा असेल तर तिथे डॉलर, उभी रेघ, डॉलर अशी तीन चिन्हं ठेवा. पत्राच्या साच्यात ‘विषय:’च्या पुढे मी ती ठेवली आहेत.

फाइल सेव्ह केली, पण काहीच होत नाही.

दहापैकी आठ वेळा टॅब. यामल या मांडणीत ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच लागतात. उरलेल्या दोनांत अवतरणचिन्हं. मजकुरात कोलन आणि त्यापुढे मोकळी जागा असेल आणि तो अवतरणात नसेल तर यामल त्या कोलनचा भलताच अर्थ लावतं. आणि मराठी मजकूर वर्ड प्रोसेसरमधून आणून चिकटवला असेल तर सोबत वळणदार अवतरणचिन्हं येतात. ती मजकुराच्या आत खुशाल असू द्या, पण मजकूर गुंडाळायला सरळ चिन्हंच हवीत.

‘एस्पान्सो लॉग’ बघा. कुठल्या ओळीवर अडलं ते तिथे लिहिलेलं असतं.

खूण मराठीतच ठेवता येईल का?

या प्रश्नासाठी हे पान लिहिलं म्हटलं तरी चालेल.

आपण मराठी टाइप करतो तेव्हा कळ दाबणं आणि अक्षर उमटणं यांच्या मध्ये आयबस किंवा एफसीआयटीएक्स हा इनपुट प्रोग्रॅम बसलेला असतो. एस्पान्सो कळांकडे बघतं. आयबस त्या कळांतून नंतर अक्षर घडवतं. म्हणजे दोघं एकाच वाटेवर उभे आहेत, पण एकाला दुसऱ्याने काय केलं याचा पत्ता नाही. समजा खूण म्हणून एन, ए, एम, ए ही चार अक्षरं ठेवली आणि तेव्हा रोमनमधून मराठी लिहिण्याची पद्धत चालू आहे. पडद्यावर ‘नम’ उमटतं, दोनच अक्षरं. एस्पान्सोने मात्र चार कळा मोजलेल्या असतात. ते इमानदारीत चार वेळा बॅकस्पेस दाबतं, आणि ‘नम’बरोबर आधीच्या शब्दाची शेपूटही कापली जाते. त्यात रोमन पद्धतीत शेवटचं अक्षर अजून पक्कं झालेलं नसतं, कर्सरपाशी रेंगाळत असतं, त्यामुळे कधी एक अक्षर जादा उरतं तर कधी एक कमी होतं. इनस्क्रिप्टवाल्यांची गंमत वेगळी. त्यांच्या मांडणीत कोलनच्या कळेवर ‘छ’ आहे आणि अर्धविरामाच्या जागी ‘च’, त्यामुळे कोलनने सुरू होणारी खूण त्यांना मराठी चालू असताना दिसतेच वेगळी.

उपाय काय? माझा साधा आहे. खूण कायम रोमन ठेवायची, आणि ती टाइप करताना इंग्रजीवर यायचं. ग्नोममध्ये सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस दाबलं की मांडणी बदलते. इंग्रजीत खूण, मजकूर मराठीत, पुन्हा सुपर-स्पेस. ‘मग यात वेळ कुठे वाचला?’ असं माझ्या मेव्हण्याने विचारलं होतं. एका शब्दासाठी खरंच वाचत नाही. म्हणूनच एकेकट्या शब्दांसाठी मी एस्पान्सो वापरतच नाही. वाक्यं, परिच्छेद, पत्त्याचे साचे, पत्रांचे मायने यांसाठी वापरतो. सुटे शब्द पूर्ण करायला ‘आयबस टायपिंग बूस्टर’ बरं: ते स्वतःच इनपुट पद्धत असल्याने मराठीच्या आत बसून शब्द सुचवतं, वेलँडवर विनातक्रार चालतं, आणि कळांची मोजणी चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

मांडणी बदलायची नसेल तर एस्पान्सोची शोधपट्टी उघडा आणि यादीतून मजकूर निवडा. तिची मूळ कळजोडी ऑल्ट-स्पेस आहे, पण ग्नोममध्ये तीच जोडी खिडकीचा मेनू उघडते. भांडण टाळायला ‘कॉन्फिग’ फोल्डरातल्या ‘डिफॉल्ट डॉट वायएमएल’मध्ये ‘सर्च_शॉर्टकट’ बदला.

खूण पुसली जाते, पण मराठी मजकूर येतच नाही.

देवनागरी मजकूर एस्पान्सो एकेक कळ दाबून लिहीत नाही. तो क्लिपबोर्डवर ठेवतं, चिकटवण्याची कळजोडी (एक्स११वर कंट्रोल-व्ही) दाबतं आणि तुमचा आधीचा क्लिपबोर्ड परत जागेवर ठेवतं. ही उचल-ठेव फार झटपट झाली आणि समोरचा प्रोग्रॅम सुस्त असला तर जुनाच क्लिपबोर्ड चिकटतो, किंवा काहीच चिकटत नाही. त्याच ‘डिफॉल्ट’ फाइलमध्ये ‘रिस्टोअर_क्लिपबोर्ड_डिले’ वाढवून बघा. मूळ आकडा ३०० मिलिसेकंद आहे.

टर्मिनलचं दुखणं निराळं. तिथे चिकटवायला कंट्रोल-शिफ्ट-व्ही लागतं. एक्स११वर एस्पान्सो नेहमीचे टर्मिनल ओळखतं आणि आपणहून जुळवून घेतं. वेलँडवर समोर कुठला प्रोग्रॅम आहे हेच त्याला कळत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमनुसार वेगळी सेटिंगही तिथे लागू होत नाही.

तारीख मराठीत हवी: ‘५ ऑगस्ट २०२५’ अशी, ‘05/08/2025’ अशी नाही.

एस्पान्सोमध्ये तारखेसाठी ‘डेट’ प्रकारचं चल (व्हेरिएबल) आहे. साध्या तारखेला ते पुरेसं, पण अंक इंग्रजी येतात. पूर्ण मराठी तारखेसाठी ‘शेल’ प्रकार वापरा आणि त्यात लिनक्सचीच ‘डेट’ आज्ञा द्या. आधी मराठी लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) तयार हवा: ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकॅल्स’ म्हणा आणि यादीतून ‘एमआर_आयएन’ (आयएन मोठ्या अक्षरांत) निवडा. मग डेटला हा लोकॅल देऊन दिवस, महिन्याचं पूर्ण नाव आणि वर्ष मागितलं की महिना ‘ऑगस्ट’ असा येतो.

अंक बदलायला डेटचा निकाल पुढे ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेकडे सोपवा आणि त्याच्या ‘वाय’ आज्ञेत एका बाजूला शून्य ते नऊ इंग्रजी अंक, दुसऱ्या बाजूला ० ते ९ मराठी अंक द्या. इथे ‘टीआर’ ही अक्षरं बदलणारी दुसरी आज्ञा वापरायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण लिनक्सवरचं टीआर एकेका बाइटचा विचार करतं, आणि मराठी अंक यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचा असतो. निकाल म्हणून कचरा येतो. सेडला हे जमतं, मात्र त्यालाही यूटीएफ-८ लोकॅल मिळायला हवा, नाहीतर दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असल्याची तक्रार करतं. टर्मिनलमध्ये चाललं आणि एस्पान्सोमधून चाललं नाही तर कारण बहुधा हेच. आज्ञेच्या सुरुवातीलाच ‘एलसी_ऑल’ (मोठ्या अक्षरांत) हा मराठी लोकॅल देऊन एक्स्पोर्ट करा, म्हणजे डेट आणि सेड दोघांचीही सोय होते.

‘ॲ’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ हे मला धड टाइपच होत नाहीत. एस्पान्सो कामाचं आहे का?

सुटे शब्द यात घालत नाही असं मी वर म्हटलंय. हा त्याला अपवाद, आणि फार कामाचा अपवाद. ‘ॲ’ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून २००८मध्ये, आवृत्ती ५.१मध्ये आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, आणि अजूनही देतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. सभासदांच्या यादीत मी ‘ॲड.’ शोधत होतो आणि आमच्या इमारतीत एकही वकील नाही असं उत्तर येत होतं. तिघे आहेत, आणि तिघेही सभेत बोलतात.

‘दुसऱ्या’तल्या अर्ध्या र चंही तसंच. योग्य क्रम नुक्तावाला ऱ, हलन्त आणि य असा आहे. साध्या र ला हलन्त देऊन य लिहिलं की ‘दुसर्या’ असा रफार डोक्यावर चढतो. साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी जुनी रीतही चालते, पण एकाच कागदपत्रात दोन्ही आल्या की शोध फसतो. एकदा शुद्ध रूप खुणेत कोंबून ठेवलं की प्रत्येक वेळी तेच उमटतं. अशा शब्दांची मी वेगळी फाइल केली आहे. ‘मॅच’ फोल्डरात ठेवलेली वायएमएल फाइल एस्पान्सो आपोआप उचलतं.

खुणा कशा निवडाव्यात?

भाषेत एरवी न येणाऱ्या. सुरुवातीला मी कोलनचा कंटाळा केला आणि ‘तारीख’साठी नुसती टी आणि ए ठेवली. पुढच्याच तासाला ‘डेटा’ या इंग्रजी शब्दाच्या पोटातून आजची तारीख बाहेर पडली. ‘वर्ड: ट्रू’ लावलं की खूण सुटा शब्द म्हणून आली तरच बदलते, पण सुरुवातीला कोलन ठेवण्याइतकं ते निर्धोक नाही. आणि स्वतःच्या उच्चारावरून आद्याक्षरं निवडा. दुसऱ्याच्या तयार याद्या पाठ होत नाहीत.

‘ना हरकत प्रमाणपत्रा’त दर वेळी नाव आणि सदनिका क्रमांक वेगळा असतो. तो कसा भरायचा?

‘रिप्लेस’ऐवजी ‘फॉर्म’ लिहा आणि बदलत्या जागी दुहेरी चौकटी कंसात रोमन नाव द्या. खूण टाइप केली की छोटी खिडकी उघडते, रकाने भरायचे, पत्र तयार. हे कळण्याआधी मी साच्यात ‘श्री. अमुकतमुक’ लिहून ठेवत असे आणि नंतर बदलत असे. एकदा बदलायचं राहिलं. श्री. अमुकतमुक यांना सदनिका विकण्यास संस्थेची हरकत नाही, असं माझ्या सहीचं पत्र एका बँकेत जाऊन पोचलं होतं.

परदेशातल्या कीबोर्डवर खुणा ओळखल्याच जात नाहीत.

वेलँडवर एस्पान्सोला कळफलकाची मांडणी कधीकधी स्वतःहून कळत नाही आणि ते अमेरिकी मांडणी धरून चालतं. जर्मन कळफलकावर वाय आणि झेडची अदलाबदल असते, म्हणजे वाय असलेली खूण तिथे कधीच जुळणार नाही. ‘डिफॉल्ट’ फाइलमध्ये ‘कीबोर्ड_लेआउट’ स्पष्ट लिहा. भारतात मिळणारे लॅपटॉप बहुतेक अमेरिकी मांडणीचेच असतात, त्यामुळे इकडे हा प्रश्न सहसा येत नाही.

हे सगळ्या कळा वाचतं. मग हा कीलॉगर, म्हणजे कळा चोरणारा प्रोग्रॅमच, नाही का?

शंका रास्त आहे. खूण ओळखायची तर कळा वाचाव्याच लागतात. एस्पान्सोचा सगळा कोड उघडा आहे आणि खुणा जुळवण्याचं काम तुमच्याच मशीनवर होतं. तरी डेब फाइल अधिकृत पानावरूनच घ्या. आणि इतरांनी बनवलेली पॅकेजं बसवताना आत डोकावून बघा, कारण ‘शेल’ प्रकारातून कुठलीही आज्ञा चालवता येते.

खरा धोका आपल्याच सवयीत असतो. पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचे तपशील खुणांमध्ये ठेवू नका. ती फाइल उघड्या मजकुराची आहे, कुलूप नाही. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतात.

दोन मशीनवर एकच खुणा हव्यात.

‘एस्पान्सो पाथ’ फोल्डर दाखवतं. ते गिटमध्ये (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ठेवा किंवा ज्या फोल्डराची नक्कल आपोआप होते त्यात हलवून जुन्या जागी सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा, द्या.

ऑफिसच्या मशीनवर काही बसवायची परवानगी नाही.

तिथे लिब्रेऑफिस असेल तर अर्धं काम झालं. रायटरमध्ये मजकूर निवडा, कंट्रोल-एफ३ दाबा, ऑटोटेक्स्टमध्ये नाव आणि छोटी खूण द्या. पुढे ती खूण टाइप करून एफ३. आपोआप बदलत नाही, कळ दाबावी लागते, आणि रायटरबाहेर चालत नाही. एफसीआयटीएक्स ५ आधीपासून असेल तर त्यातला क्विकफ्रेझ बघा, तो सगळीकडे चालतो. विम हा एडिटर वापरणाऱ्यांना त्यातली ‘आयअ‍ॅब्रेव्ह’ माहीत असेलच.

थोडा वेळ बंद ठेवायचं आहे. उदाहरणार्थ, कुणाला खुणाच शिकवताना.

‘एस्पान्सो सीएमडी टॉगल’. पुन्हा चालू करायलाही तेच. आणि एक्स११वर नको असलेला मजकूर नुकताच आला असेल तर लगेच एकदा बॅकस्पेस दाबा. मजकूर जातो आणि तुमची खूण जशीच्या तशी परत येते.